विनोदी नट होऊन घर चालतं का?

डोंबिवलीकर: मुलगा एकांकिका करतो, कॉमेडी भारी करतो, पण नोकरी नकोच म्हणतो. अशोक सराफ आधी बँकेत होते ना?

तिसरी घंटा: हो, स्टेट बँकेत, जवळपास १० वर्षं, तेही नाटकं सांभाळून. १९७५ ला पांडू हवालदार आला आणि मग गाडी सुटली. महाराष्ट्र भूषण २०२३ चा, पद्मश्री २०२५ ला, म्हणजे बघा किती वर्षं गेली!

विंगेतला: नाटकात पगार नसतो हो, नाइट असते, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, प्रयोग लागला तर पैसे, नाहीतर घरी बसा. मालिकेत पर-डे मिळतो पण चेक ९० दिवसांनी, तोवर भाडं कोण भरणार?

डोंबिवलीकर: ९० दिवस?? बापरे, हे त्याला आजच वाचायला देतो.