ट्रकचं इंजिन बोटीला बसवलंय, दहा मिनिटात सीझ झालं, क्लिअरन्स किती ठेवू?

शहादेकर_डिझेल:
नमस्कार मंडळी. माझं शहाद्याला डिझेल इंजिनचं गॅरेज आहे, ट्रक ट्रॅक्टर जेसीबी सगळं करतो, बोटीचं काम पहिल्यांदाच हातात घेतलंय. सरदार सरोवराच्या बॅकवॉटरला मणिबेलीच्या बाजूला पार्टीची लोखंडी बोट आहे, लांबीला ३६ फूट, माल आणि माणसं दोन्ही नेते. मालकाला स्पीड पाहिजे, म्हणे ३०० एचपी कर. ट्रकचं सहा सिलिंडर टर्बो घेतलं, ५.९ लिटर, १०२ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) १२० मिमी स्ट्रोक. बोअर घासलेला होता म्हणून रिबोअर करून ०.५० ओव्हरसाईज पिस्टन टाकले, क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) ट्रकला ठेवतो तोच, कसून. पंपाचं डिझेल वाढवलं. पाणी डायरेक्ट नदीचं उचलून ब्लॉकमधून फिरवून बाहेर सोडलं, पाणी गरम होईपर्यंत अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाकला (ट्रकवाले पण काढतातच की). गॅरेजला दोन तास चालवलं, मख्खन. पाण्यात उतरवलं, काठावरून सुटल्या सुटल्या ड्रायव्हरने फुल्ल रेस दिली आणि दहा-बारा मिनिटात पाच नंबरचा पिस्टन सीझ, सिलिंडरमध्ये जाम. टेंपरेचरचा काटा जागचा हलला पण नव्हता हो, ब्लॉकला हात लावला तर कोमट! गरमच झालं नाही तर सीझ कसं होतं? आणि हाय परफॉर्मन्स करायचं तर रिंग गॅप, बेअरिंग क्लिअरन्स काय धरायचे, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

धुळेवाला_भो:
भो, आते बोटनं इंजिन बी शहादामा बनस? भारी ना. इकडे तापीत उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात नाहीतर आमच्याकडे पण एक बनवून घेतलं असतं 😄

लेथवाला_जळगाव:
फोटो टाक भाऊ पिस्टनचा. नुसतं सीझ म्हणून कळत नाही. वर रिंगेजवळ खरचटलं असेल तर डिझेल जास्त नाहीतर रिंगेची टोकं भिडली, एकाच बाजूला असेल तर नोझल मुततंय आणि ऑइल धुऊन निघालं. आणि स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाला, पिनच्या भोकाच्या आजूबाजूला चार उभ्या पट्ट्या असतील तर मग वेगळीच गोष्ट आहे.

शहादेकर_डिझेल:
चार पट्ट्या! दोन्हीकडे दोन-दोन, पिनच्या भोकाला लागून. पाच नंबरला अल्युमिनियम बोअरला चिकटून आलंय, बाकीचे पाच पण काढून बघितले तर सगळ्यांना त्याच जागी थोडं थोडं चमकायला लागलंय.

अमळनेरचा_काका:
मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला नोकरी केली, आता अमळनेरला घरी बसून असतो. बाळा, तुझं इंजिन गरम होऊन नाही, थंड राहून सीझ झालंय. नीट ऐक. पिस्टन अल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. अल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ट्रकमध्ये पाणी ८०-८५ ला असतं त्यामुळे बोअर पण थोडा फुगतो, पिस्टनला जागा मिळते. तू नदीचं गार पाणी थर्मोस्टॅटशिवाय सरळ आत घातलंस, ब्लॉक राहिला चाळीसला आणि वरून फुल्ल लोड, म्हणजे पिस्टन पेटलेला. हिशोब कर, १०२ चा बिडाचा बोअर ४० डिग्री गार राहिला तर साधारण ०.०४५ मिमी आखूड राहतो, पावणेदोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग). तू आधीच कसून बसवलेला, मग जाणार कुठे तो पिस्टन. गॅरेजला लोड नव्हता म्हणून मख्खन वाटलं.

तेव्हा नुसतं क्लिअरन्स किती हे विचारू नकोस, आधी पाण्याची सिस्टीम बदल. इंजिनचं पाणी बंद सर्किटमध्ये, थर्मोस्टॅट परत जागेवर, आणि नदीचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे दोन्ही पाणी न मिसळता गरमी निघून जाते. तिथे पावसाळ्यात गाळ किती येतो तुला माहीत आहे, तो एक्स्चेंजरच्या नळ्या पण बुजवतो आणि पंपाचा रबरी इम्पेलर पण खातो. तुझी बोट लोखंडी आणि हळू आहे, मी असतो तर बुडाखालून पाईप फिरवून कील कूलिंग केलं असतं, नदीचं पाणी इंजिनच्या बाजूला आणायचंच नाही.

लेथवाला_जळगाव:
काकांनी सांगितलं ते शंभर टक्के. आता बोअरचं. रिबोअर करताना हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट बोल्ट लावून पूर्ण कसायची आणि मग बोअर-होन करायचं, कारण हेड कसलं की बोअर गोल राहत नाही, डायल गेज लावून बघ, दिसतं. आमच्याकडे दहातले आठ जण प्लेट आणतच नाहीत, ट्रकला खपून जातं. क्लिअरन्स पिस्टनवाल्याच्या शीटमध्ये जो वरचा आकडा असेल तो धर, खालचा नको. रिंग गॅप पण तसंच, या ब्लॉकला टॉप रिंग ०.४० ते ०.७० मिमी आहे, तू ०.६० च्या वर ठेव, थोडं ब्लोबाय (रिंगेतून खाली निसटणारा गॅस) वाढेल पण टोकं भिडण्यापेक्षा बरं. रिंग बोअरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून मग फीलर घाल, वाकडी बसली तर गॅप खोटा येतो. बेअरिंगला प्लास्टिगेज (फट मोजायचा प्लास्टिकचा धागा) लावल्याशिवाय कॅप कसू नको.

अमळनेरचा_काका:
लोक बोटीला ट्रकच समजतात तिथे फसतात. चांदसैली घाट चढणारा ट्रक वर गेला की उताराला दम खातो. बोटीला उतारच नाही, काठ सोडल्यापासून काठ लागेपर्यंत चढच. तुझ्याच बोअर-स्ट्रोकचं कमिन्सचं ६बीटीए मरिन ३००० आरपीएमला ३७० एचपी देतं, हे खरं आहे, पण त्याला टर्बोची गरम हवा थंड करणारा, पाण्याने गार होणारा आफ्टरकूलर, पाण्याचा जॅकेट असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, आणि असल्या हाय आउटपुट रेटिंगला आठ तासात एकच तास फुल्ल थ्रॉटल चालतं. दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या बोटीला ते नाहीच.

अजून दोन गोष्टी विचारतो. फुल्ल रेसला आरपीएम किती जातो? आणि इंजिन किती तिरकं बसवलंय? तिरकं असेल तर डिपस्टिक खोटं सांगते, ऑइल मोजून लिटरवर भर आणि तिथे नवीन खूण कर.

शहादेकर_डिझेल:
आरपीएम २०५० च्या वर जातच नाही काका, गव्हर्नर (आरपीएमची हद्द ठेवणारा) २५०० चा आहे. धूर काळा. मला वाटलं ताकद कमी पडते म्हणून पंप अजून वाढवला होता.

अमळनेरचा_काका:
घ्या! पंखा (प्रोपेलर) जड आहे. ट्रक पाचव्या गिअरला घाट चढवल्यासारखं. पंख्याचा पिच (पात्यांचा पीळ) कमी कर, भरलेल्या बोटीत इंजिन रेटेड आरपीएमच्या थोडं वर गेलं पाहिजे. पंप आधी मूळ सेटिंगला आण. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते, म्हणजे ८० टक्के आरपीएमला निम्मीच ताकद पुरते. तिथेच चालवलं तर इंजिन पण जगतं आणि डिझेल पण.

आणि आता मालकाला न आवडणारं बोलतो. तुझी बोट पाणी कापत जाणारी आहे, पाण्यावर उचलली जाणारी नाही. अशा बोटीला वेगाची हद्द असते, पाण्यातली लांबी फुटात घे, वर्गमूळ काढ, १.३४ ने गुण, नॉट येतात. त्यापुढे ३०० काय ५०० टाक, मागे लाटा मोठ्या होतील फक्त.

लेथवाला_जळगाव:
एक राहिलंच, माणसं बसतात तर मॅनिफोल्ड उघडा ठेवू नको रे, रात्री लाल दिसतो तो. आणि एक्झॉस्टमध्ये पाणी सोडणार असशील तर एल्बो पाण्याच्या पातळीच्या बराच वर घे, इंजिन बंद झाल्यावर पाणी मागे सिलिंडरमध्ये आलं की पुढच्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकतो. इन्लँड व्हेसल्स कायदा २०२१ चा आहे, बोटीचा सर्व्हे आणि रजिस्ट्रेशन झालंय का तेही मालकाला विचार.

शहादेकर_डिझेल:
आज जाऊन टेप लावला. पाण्यातली लांबी ३४ फूट भरली. हिशोब केला तर ७.८ नॉट, म्हणजे साडेचौदा किलोमीटर. दुसऱ्या इंजिनवर त्याच बोटीचा मोबाईलवर जीपीएस बघितला होता, १४ दाखवत होता तेव्हा 🙏 ब्लॉक परत बोअरला देतोय, १.०० ओव्हरसाईज, या वेळी प्लेट लावूनच. कील कूलिंगच्या पाईपचं पण बघतो. पण काका, मालकाने ३०० एचपीचा ॲडव्हान्स दिलाय, त्याला काय सांगू?

अमळनेरचा_काका:
त्याला जीपीएस दाखव, आणि ॲडव्हान्सचे पैसे पंख्यात आणि पाईपात घाल.

धुळेवाला_भो:
म्हणजे बोट तेवढीच पळणार आणि बिल पण तेवढंच. मालक तुलाच पाण्यात ढकलणार बघ.