बी.एड. इंटर्नशिप: 'पोषण आणि आहार'चा पाठ परत घ्यायचाय, स्मार्ट बोर्ड कशासाठी वापरू आणि वर्गात काय करायला देऊ?

रसिका_बीएड

नमस्कार सगळ्यांना. मी बी.एड. दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात, विज्ञान मेथड, आणि सध्या पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंटर्नशिप चालू आहे. सहावीचा वर्ग, पटावर ५२. गेल्या गुरुवारी 'पोषण आणि आहार'चा पाठ झाला त्याबद्दल लिहितीये, थोडं लांबेल.

टाचण (पाठाचं लेखी नियोजन) मनापासून काढलं होतं. २२ स्लाइड, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर बघितलेला एक व्हिडिओ, शेवटी क्विझ. बोर्ड चालला, नेट चाललं, लाइटही गेली नाही. निरीक्षणाला बसलेल्या मॅडमनी शेरा दिला, 'शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर'. आणि तरी त्या दिवशी बसमध्ये मला नुसतं रडू येत होतं, कारण मोडाच्या कडधान्यांची स्लाइड लागली तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, आमच्याकडे मटकीला मोडच येत नाहीत, वास येतो, असं का होतं?" आणि मी "आपण नंतर बघू हं" म्हणून पुढची स्लाइड लावली. मला उत्तर माहीतच नव्हतं. मी आयुष्यात मटकी भिजवलेली नाही, बार्शीला असताना आई करायची आणि इथे आल्यापासून मेस.

येताना मंडईजवळ उतरून पाव किलो मटकी घेतली. रूमवर आम्ही तिघी, एक इंडक्शन आणि तीन लिटरचा कुकर. रात्री भिजवली, सकाळी आईला फोन करून विचारलं आणि तिने सांगितलं तशी पंच्यात बांधून ठेवली. शनिवारी सकाळी गाठ सोडली तर दाणे कापडाला चिकटलेले, एकेक बारीक पांढरी शेपटी कापडाच्या विणीतून चक्क आरपार बाहेर आलेली. मी ते कापड धरून किती वेळ बसले होते मलाच माहीत नाही. हे त्या मुलांना दाखवायचं राहिलं, एवढंच डोक्यात.

तर आता मुख्याध्यापकांना विचारून तोच घटक दोन आठवड्यांनी परत घेतीये. तासिका ३५ मिनिटांची, वर्गात गॅस पेटवायला परवानगी नाही. मुलांच्या हाताने काहीतरी करून घ्यायचंय आणि बोर्डही वापरायचाय, पण नेमका कशासाठी ते ठरत नाहीये. स्लाइड काढून टाकल्या तर साधनांच्या रकान्यातले मार्क जातील का हीपण भीती आहे. आणि एक वैयक्तिक प्रश्न, दिवसभर उभं राहून आल्यावर एका कुकरमध्ये होईल असं साधं चांगलं जेवण काय करता येईल? मुलांना संतुलित आहार शिकवायचा आणि स्वतः रात्री फरसाण खाऊन झोपायचं हे मला आता जमणार नाही.

मुळशीचे_गुरुजी

रसिका मॅडम, आधी त्या मुलीचं उत्तर. बियाला रुजायला पाणी लागतं तशी हवापण लागते. दाणे पाण्यात बुडवूनच ठेवले तर ते श्वास घेऊ शकत नाहीत, मोड यायचं थांबतं आणि पाणी आंबून वास सुटतो. तिच्या घरी बहुतेक पाणी काढत नसतील नाहीतर झाकण गच्च लावत असतील.

आता हे सांगू नका, करून दाखवा. काचेचे तीन ग्लास घ्या, आतून टिपकागद लावा आणि कागद आणि काच यांच्या मध्ये मटकी अडकवा म्हणजे मूळ बाहेरून दिसतं. एक ग्लास कोरडा, एकात कागद नुसता ओला, एक पाण्याने काठोकाठ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं आहे आणि दरवर्षी हे करतो, मुलं मधल्या सुट्टीत डबा सोडून ग्लास बघायला येतात.

आणि बोर्डाचं म्हणाल तर मी त्याला मोठं भिंग समजतो. ५२ पोरं एका ग्लासाभोवती जमली तर मागच्याला पुढच्याची पाठच दिसते ना, तर पुस्तकांचे दोन गठ्ठे करा, त्यावर मोबाइल आडवा ठेवा, कॅमेरा खाली, आणि स्क्रीन बोर्डवर घ्या. अर्ध्या सेंटिमीटरचा मोड हाताएवढा दिसतो आणि शेवटच्या बाकावरचा पोरगापण बघतो. दुसरं म्हणजे जे ३५ मिनिटांत होत नाही ते दाखवायला बोर्ड. घरी दर तासाला एकाच जागेवरून एकाच उजेडात एक फोटो काढा (टाइमलॅप्स लावून फोन दिवसभर अडकवू नका, तापतो आणि बॅटरी जाते) आणि ते फोटो एकामागोमाग लावा. व्हिडिओ लावायचा असेल तर आदल्या दिवशी डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्या, नेटवर विसंबून राहू नका.

जमलं तर पिष्ट (स्टार्च) ओळखायची आयोडीनची परीक्षाही घ्या. टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करायचं, ड्रॉपरने एक थेंब बटाट्यावर, एक भातावर, एक काकडीवर. बटाटा आणि भात निळाकाळा होतो, काकडी तशी होत नाही. तो थेंब कॅमेऱ्याखालीच टाका, रंग बदलताना सगळ्या वर्गाला दिसू दे. फक्त थेंब टाकलेलं कुणी खायचं नाही हे आधी सांगा आणि ती ताटली तुमच्याच टेबलावर ठेवा.

खडकवासलाकर

पालक म्हणून लिहितो. हे कराच, माझ्या मुलीच्या शाळेत असं कोणी करत नाही. फक्त आदल्या दिवशी वहीत चिठ्ठी द्या, कुणाला शेंगदाण्याची किंवा आणखी कशाची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारून घ्या, आणि हात धुवायला ५२ मुलांना किती वेळ लागतो तो तासिकेत धरा. साबण न्या, शाळेत असेलच असं नाही.

अनघाकाकू

अगं रसिका, वाचून फार बरं वाटलं. माझी एक सूचना जरा कळकळीची आहे. सगळीकडे मोडाची भेळ कच्चीच देतात, तू देऊ नकोस. मोड येतात त्याच दमट उबेत साल्मोनेला, ई कोलायसारखे जंतूपण वाढतात आणि ते वरून धुवून जात नाहीत. लहान मुलांना मोड वाफवूनच द्यावेत. सकाळी रूमवर कुकरमध्ये शिट्टी न लावता चाळणीत ठेवून आठ-दहा मिनिटं चांगली वाफ काढ, दाणा बोटाने दाबला जाईल पण फुटणार नाही इतकी, आणि कापडात न बांधता उघड्या ताटात गार कर. पहिल्या दुसऱ्या तासाला पाठ घे, दुपारपर्यंत डब्यात ठेवू नकोस. मग वर्गात मुलांनी नुसतं कालवायचं, काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, मीठ, लिंबू. काकडी टोमॅटो घरून चिरून ने, सुरी वर्गात नको.

लिंबू शेवटी पिळायला सांग आणि का ते मुलांना विचार. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड आले की तयार होतं पण वाफेने त्यातलं बरंचसं जातं, ते लिंबाने भरून येतं. शिवाय कडधान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून मी लेकीला सांगते, उसळीवर लिंबू पीळ आणि जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, चहाने लोह कमी शोषलं जातं.

थंडीत पुण्यात एका रात्रीत मोड येत नाहीत, घाबरू नकोस. बांधलेली पुरचुंडी स्टीलच्या डब्यात ठेव, झाकण अर्धवट, वर जुना टॉवेल गुंडाळ, दीड दिवस धर. कापड वाळलं तर पाण्याचा हबका मार.

आता तुझं जेवण. मूगडाळीची खिचडी कर, एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, त्यात लाल भोपळ्याच्या फोडी आणि मूठभर पालक, हळद, जिरं, चार वाट्या पाणी, चार शिट्ट्या. वरून चमचाभर तूप. तिघींना पुरते. दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये मटकी आणि बटाटा, बाहेर फोडणी, बरोबर मंडईतून आणलेला मुळा नाहीतर गाजर. भाकरी येत नसेल तर पोळीवाल्या मावशींकडून घे, सगळं आपणच केलं पाहिजे असं काही नसतं. सकाळी नाचणीची आंबील, दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात घालायचं, सतत हलवायचं नाहीतर गुठळ्या होतात, गार झाल्यावर ताक आणि मीठ. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दिवसभर उभं राहणाऱ्या मुलींनी खाल्लीच पाहिजे. आठवडाभर करून बघ आणि कळव.

टाचणवही

मी एम.एड. करतोय, मार्कांच्या भीतीबद्दल बोलतो. साधनांचा रकाना म्हणजे स्लाइडचा रकाना नाही. टाचणात साधनांच्या जागी स्पष्ट लिहा, 'प्रत्यक्ष वस्तू: तीन ग्लास, मोडाची मटकी, मोबाइल कॅमेरा आणि स्मार्ट बोर्ड: अंकुर मोठा करून दाखवण्यासाठी, छायाचित्रमालिका: वाढीचे टप्पे'. प्रत्येक साधन कशासाठी हे पुढे लिहिलं की निरीक्षकाला दिसतं की विचार केलाय, नाहीतर २२ स्लाइड काय कुणीही करतं.

आणि आपल्याला शिकवतात तो अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलचा अनुभवाचा शंकू आठवा, शिकण्याच्या अनुभवांचे थर दाखवणारी आकृती, १९४६ ची. त्याच्या तळाशी, सगळ्यात रुंद जागी, थेट हेतुपूर्ण अनुभव आहे, चित्रपट आणि चित्रं वरच्या थरांत. आपल्या नोट्समध्ये त्याच्या शेजारी 'वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं' असे आकडे छापलेले असतात ते डेलने दिलेलेच नाहीत, नंतर कुणीतरी चिकटवले. कृपा करून टाचणात ते आकडे टाकू नका. डेलने वरचे थर टाकाऊ आहेत असंही म्हटलेलं नाही, म्हणून फोटोमालिका आणि ग्लास एकाच पाठात असणं मला अगदी बरोबर वाटतं.

वेळ उरला तर एक हिशेब द्या. शाळेतल्या मध्यान्ह भोजनाच्या पीएम पोषण योजनेत सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ धरलीये आणि जेवणातून ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. तांदळात १०० ग्रॅमला साधारण ७-८ ग्रॅम प्रथिनं, डाळीत २४ च्या आसपास. मुलांना फळ्यावर बेरीज करू द्या, १८-१९ पर्यंत येतात, उरलेलं भाजीतून. स्वतःच्या ताटाचा हिशेब आहे म्हटल्यावर मुलं किती मन लावून करतात बघा.

रसिका_बीएड

सगळ्यांचे खूप आभार, काकू खिचडी चार वेळा झाली, आंबिलीत पहिल्यांदा गुठळ्या झाल्या पण आता जमते.

पाठ काल झाला. गुरुजी, फोटो १९ निघाले, रात्री रूममेटनीपण उठून काढले. बोर्डवर लावत गेले तेव्हा पहिले काही फोटो मुलं चुळबुळत होती, सगळे सारखेच दिसतात ना, आणि अकराव्याला कुणीतरी ओरडलं "बाई मागं घ्या मागं घ्या!" दहावा, अकरावा, परत दहावा, असं चार वेळा पुढेमागे केलं. दहाव्यात दाणा नुसता फुगलेला आणि अकराव्यात सालीला बारीक चीर. ती चीर मला स्वतःला घरी दिसलीच नव्हती, त्यांनी शोधली.

त्या मुलीला मी तीन ग्लासांसमोर उभं केलं आणि काही सांगितलं नाही. काठोकाठ पाण्याचा ग्लास तिने नाकाशी नेला आणि म्हणाली, "हाच वास." मग आमच्या घरी डब्यात पाणी तसंच असतं, आई पहाटे कामाला जाते म्हणून रात्रीच भिजवून ठेवते, असं तिनेच सांगितलं. तिला एक पंचा दिला आणि पाणी कधी काढायचं ते वहीत लिहून दिलं.

कालवणं तीन गटांत केलं. हात धुण्यात नऊ मिनिटं गेली, खडकवासलाकर तुम्ही म्हणालात ते बरोबर, त्यामुळे हिशेब आणि आयोडीन दोन्ही राहिलं. मॅडमनी वेळेचं नियोजन यावर लाल शेरा दिलाय, साधनांना मात्र गेल्या वेळेपेक्षा जास्त मार्क दिलेत. आयोडीन सोमवारी घेतीये, पंधरा मिनिटं मागून घेतलीत. गुरुजी, बटाटा सोलूनच घ्यायचा ना? आणि शिजलेल्या भाताऐवजी मुलांच्या डब्यातल्या पोळीचा तुकडा घेतला तर रंग तेवढाच स्पष्ट दिसेल का?

मुळशीचे_गुरुजी

बटाटा मधोमध कापा, कापलेल्या बाजूवर थेंब टाका, सोलायची गरज नाही. पोळी चालेल, पण तेल लावलेली नको, थेंब घरंगळतो. फुलका असेल तो घ्या.