खावटी, पोटगी, वाटा, बोजा आणि ताबा

प्रश्न : सोलापूरच्या न्यायालयाजवळ मी अर्ज टंकलिखित करून देण्याचे काम करते. घटस्फोटाच्या प्रकरणांत एकाच मागणीसाठी कोणी ‘खावटी’ लिहायला सांगते, कोणी ‘पोटगी’, तर कोणी ‘निर्वाहखर्च’. अक्कलकोट, मोहोळकडून येणाऱ्या अनेक बायका ‘नवऱ्याच्या मिळकतीत माझा वाटा’ अशी मागणी सांगतात. या शब्दांत कायद्याच्या दृष्टीने काही फरक आहे का?

उत्तर : ताई, खावटी आणि पोटगी यांत कायद्याने भेद केलेला नाही. खावटी हा शब्द पावसाळ्यातल्या अडचणीच्या दिवसांत शेतकऱ्याला किंवा आदिवासी कुटुंबाला मिळणारे धान्य वा कर्ज या अर्थानेही रूढ असल्यामुळे अर्जात पोटगी लिहिणे अधिक निःसंदिग्ध ठरते. मात्र हे दोन्ही शब्द खाण्याशी आणि पोटाशी जोडलेले आहेत, आणि त्यामुळे मागणाऱ्या बाईच्या मनातली मागणीही नकळत आखूड होते, असे मला तीव्रतेने वाटते. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात ‘निर्वाह’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे आणि तीत अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण व औषधोपचार हे सर्व येते. म्हणून शीर्षकात पोटगी लिहावी, पण मजकुरात घरभाडे, शाळेची फी, औषधांचा खर्च यांचे आकडे वेगवेगळे मांडावेत.

कोणत्या कायद्याखाली मागणी आहे, हे मात्र शब्दाइतकेच नेमके लिहायला हवे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मिळतो, तर कलम २५ खाली कायमची पोटगी, दरमहा किंवा एकरकमी, ठरते. या दोन्ही कलमांखाली पत्नीप्रमाणेच पतीही अर्ज करू शकतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होणारे अर्ज १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली करावे लागतात. तेथे पत्नी, मुले आणि आईवडील यांनाच मागता येते, पतीला नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी अर्ज असेल, तर तो लपवू नये. रजनेश विरुद्ध नेहा या २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या आदेशाची माहिती देणे बंधनकारक केले, दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे सांगितले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचे ठरवले.

आपल्या शहरात या प्रतिज्ञापत्राला विशेष महत्त्व आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाजवळ पगाराची चिठ्ठी नसते आणि ‘मला काहीच उत्पन्न नाही’ एवढेच लिहून तो मोकळा होऊ पाहतो. अशा वेळी त्याचे राहणीमान, घर, वाहन आणि बँकेचे व्यवहार यांवरून न्यायालय उत्पन्नाचा अंदाज करते. दुसरीकडे, बायको बिड्या वळून चार पैसे मिळवते म्हणून तिची पोटगी आपोआप बुडत नाही. ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ’ याचा अर्थ पूर्ण निराधार असा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे.

आता ‘वाटा’. हा शब्द फार काळजीने वापरावा, कारण तो वाटपाच्या दाव्यातला आहे. गोव्यातल्या नागरी कायद्यात पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेची कल्पना आहे. आपल्याकडे घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या नावावरचे घर किंवा जमीन अर्धी होत नाही. घर दोघांच्या नावावर घेतले असेल, तर तिचा हिस्सा खरेदीखतामुळे आहे, घटस्फोटामुळे नव्हे. लग्नात किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंबद्दल हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली न्यायालय आदेश देऊ शकते. माहेरून व सासरकडून तिला स्वतःला मिळालेले दागिने आणि भेटी हे स्त्रीधन होय. १९८५च्या प्रतिभा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती तिची पूर्ण मालकीची मिळकत आहे असे म्हटले आहे, म्हणून तेथे ‘वाटा द्यावा’ असे न लिहिता ‘परत द्यावे’ असे लिहावे आणि सोबत दागिन्यांची यादी जोडावी.

वाट्याऐवजी बायकांना खरोखर उपयोगी पडणारा शब्द ‘बोजा’ हा आहे, आणि तो अर्जात फार क्वचित दिसतो याचे मला वाईट वाटते. कलम २५ नुसार पोटगीची हमी म्हणून न्यायालय पतीच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवू शकते. सातबारावर बँकेच्या कर्जाचा बोजा असतो, हे शेतकरी कुटुंबाला माहीत असतेच. बोजा असलेली जमीन विकायला काढली, तरी पोटगीचे देणे सहज झटकता येत नाही. जिरायत का होईना, नवऱ्याच्या नावावर जमीन असेल तर ही मागणी जरूर लिहावी आणि गट क्रमांक द्यावा.

पूरक शंका : मुलांसाठीही ‘ताबा’ हाच शब्द लिहावा का? घराच्या ताब्यासारखा वाटतो.

उत्तर : न्यायालयीन मराठीत तोच रूढ आहे, तेव्हा शीर्षकात राहू द्यावा. पण ताबा म्हणजे पालकत्व नव्हे. मूल एकाजवळ राहत असतानाही दुसऱ्याचे पालकत्व संपत नाही. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईजवळ असावे, आणि निर्णय करताना मुलाचे कल्याण सर्वांत वरचे. त्यामुळे ‘मी आई आहे’ किंवा ‘मी कमावतो’ एवढ्यावर न थांबता शाळा कोणती, सांभाळायला घरी कोण, आजारपणात दवाखान्यात कोण नेते, हे अर्जात यायला हवे. दुसऱ्या पालकाच्या भेटीचे दिवस, वेळ आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या वेगळ्या परिच्छेदात लिहाव्यात. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालील मुलांविषयीचा आदेशही बदलून मागता येतो. मुलाच्या पोटगीची मागणी आईच्या रकमेत न मिसळता मुलाच्या नावाने स्वतंत्र करावी, कारण पुढे आईची पोटगी बंद झाली तरी मुलाची त्याबरोबर बंद होत नाही.