मदत हवी आहे : तळ्याकाठी बसून मन कसं स्थिर करता?

नमस्कार मंडळी. बाबा गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही. महिनाभर रोज सकाळी सिरपूर तलावावर जाऊन बसते (२०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आपल्या इंदूरचं हे तळं!). काल काठावर एक वंचक (छोटा बगळा) होता. मातकट, मान आखडलेली, हलेना की डुलेना. एकदम चोच पाण्यात, मासोळी पकडली. उडाला तेव्हा पंख पांढरेशुभ्र. तेवढा वेळ मी सगळं विसरले.

एरवी मात्र दहा मिनिटांतच डोक्यात घरचे हिशेब सुरू होतात, हात मोबाइलकडे जातो. कोणी असं रोज बसतं का? नजर एकाच पक्ष्यावर ठेवावी, की नुसते आवाज ऐकावेत? आणि राजवाड्याजवळ एखादी शांत जागा सुचवाल? आईलाही न्यायचंय, तिला फार चालवत नाही.