लाकूड कोरीवकाम: टेबलाचा एक कोपरा आणि अंगठ्याला संधिवात, काय बदलावं?

रानजाई:
दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे, उजवा जास्त. मूठ वळते, पण चिमटीत काही घट्ट धरलं की कळ येते. कोरीवकामाला जागा म्हणजे डायनिंग टेबलाचा एक कोपरा, तोही जेवणाच्या वेळी रिकामा करून द्यावा लागतो. खाली बिऱ्हाड आहे, त्यामुळे ठोकाठोकीचा संकोच वाटतो.

सध्या २० मिमी जाडीच्या सागाच्या फळीवर पिंपळपानाचं उठावकाम चाललं आहे. फळी डाव्या हाताने धरून उजव्या हाताने गोल पटाशी ढकलते. दहा मिनिटांत अंगठा दुखायला लागतो, फळी सरकते आणि पानाच्या एका बाजूला लाकडाचे तंतू उपटून निघतात. मुठीत मावणारं छोटं इलेक्ट्रिक ग्राइंडर घ्यावं का? की लाकूड सोडून दुसरं काही करावं?

पटाशीवाला:
रानजाईताई, सोडू नका. आधी लाकूड बदला, मग धार बघा. हत्यारांची खरेदी त्यानंतर.

साग दारं-खिडक्यांना उत्तम, पण त्यात सिलिका असते, ती धार भराभर खाते. बोथट झालेली पटाशी ढकलायला जोर लागतो आणि तो जोर अंगठ्यातून जातो. वखारीत शिवण मागा. फिकट पिवळसर रंग, सागाहून मऊ, आणि सुकल्यावर फारशी वाकत-तडकत नाही. वखारवाल्याकडे १५ × १५ सेंमीचे, २० मिमी जाडीचे तुकडे बहुधा भंगारात पडलेले असतात. एका बाजूने रंधा मारून घ्या. लाकूड ओलं वाटलं तर टोकांच्या कापांवर फेव्हिकॉल फासा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला एकदा वजन करा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन तेच आलं की कोरायला घ्या.

मऊ म्हणून कोणी पांगारा सुचवेल. सावंतवाडीची लाकडी फळं त्याची होत आली आहेत. पण फळाचा आकार गोल, मोठा असतो. पानाच्या शिरेसारखी बारीक कड पांगाऱ्यात कुसकरते. लाकूड जितकं मऊ तितकी धार जास्त तीक्ष्ण लागते, कारण तंतूंना मागून आधार नसतो. बोथट पात्याने ते कापले न जाता दबतात. तुमच्या कामाला शिवणच योग्य.

आता धार. काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा: ४००, ८००, १२००, २००० या क्रमाने. हाताने ढकलायच्या पटाशीला साधारण २० अंशांचा उतार ठेवा, मोगरीने ठोकायची असेल तर २५. यापेक्षा महत्त्वाचं काम त्यानंतरचं. शिवणीच्या एका तुकड्यात तुमच्याच गोल पटाशीने १५ सेंमी लांब खाच कोरा आणि त्यात हिरवा पॉलिश साबण घासून भरा. त्या पटाशीची बाहेरची बाजू त्या खाचेत तंतोतंत बसते. कोरताना दर दहा-पंधरा मिनिटांनी पटाशी खाचेतून आपल्याकडे वीस वेळा ओढा. फक्त ओढायची, पुढे ढकलली तर खाचच कापली जाईल. शेवटी मूठ वर उचलू नका, नाहीतर धारेचं टोक गोलसर होतं आणि पटाशी चकाकते पण कापत नाही. आतल्या बाजूची बारीक कोर काढायला पेन्सिलीवर चामड्याचा तुकडा गुंडाळून एकदा फिरवा.

परीक्षा सोपी आहे: शिवणीच्या तुकड्यावर रेषांना, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेला, आडवा काप घ्या. खाच गुळगुळीत आणि चकचकीत दिसली तर धार आहे. पांढरट, खरखरीत रेघ दिसली तर धारेवर तिथे खड्डा आहे.

तंतू उपटतात ते रेषेच्या उलट कापल्यामुळे. पानाच्या कडेला रेषा तिरक्या जातात, म्हणून एका बाजूला पटाशी देठाकडून टोकाकडे चालते, तर दुसऱ्या बाजूला टोकाकडून देठाकडे. तंतू उचलले जाताहेत असं दिसताच थांबून दिशा फिरवा. शिवणीतही रेषा मध्येच वळतात, तेव्हा प्रत्येक कडेला आधी एक पातळ काप घेऊन बघा.

ओसरी:
धारेबद्दल सहमत. पण तुमचं मूळ दुखणं फळी धरण्यात आहे. डावा हात लाकूड धरण्यातून पूर्ण मोकळा झाला पाहिजे.

१८ मिमी प्लायचा ४५ × ३५ सेंमी तुकडा घ्या, हा तुमचा कोरायचा पाट. खालून, आपल्या बाजूच्या कडेला एक पट्टी मारा, ती टेबलाच्या कडेवर अडकते आणि पाट पुढे सरकत नाही. वरून पलीकडच्या आणि डाव्या बाजूला काटकोनात दोन पट्ट्या मारा. यांची उंची १२ मिमीच ठेवा. २० मिमीच्या फळीहून त्या खाली राहिल्या की पटाशी त्यांवर आदळत नाही. फळी त्या कोपऱ्यात सारा. उजवीकडे फळीपासून ३० मिमी अंतरावर तिसरी पट्टी मारा आणि मधल्या फटीत दोन पाचरी उलटसुलट सारून मोगरीने हलकेच ठोका. पाचरीचा उतार ८ ला १ ठेवा. जास्त उताराची पाचर सुटून येते. काढताना बारीक टोकावर एक टिचकी.

सी-क्लॅम्प मुद्दामच सांगत नाही. त्याचा स्क्रू आवळताना अंगठ्याच्या मुळावर जो पीळ बसतो, त्यानेच अर्धा दिवस वाया जातो. दाबून आवळायच्या पिस्तुली क्लॅम्पचंही तेच. पाचरीला चिमूट लागतच नाही.

पाटाखाली कपाटात घालतात ती रबरी जाळी अंथरा. जेवणाची वेळ झाली की फळीसकट पाट उचलून भिंतीशी उभा करायचा, काम जसंच्या तसं राहतं. कपच्यांसाठी टेबलावर आधीच जुनी चादर. चार कोपरे उचलले की झालं.

उंचीकडे लक्ष द्या. टेबल ७५ सेंमीचं आणि त्यावर पाट, म्हणजे खांदे वर चढतात. काम कोपराच्या पातळीला हवं. खुर्चीवर घट्ट उशी घ्या आणि पायांखाली लाकडी पाट.

रानजाई:
पाचरीची कल्पना फार आवडली. एक शंका. पानाची आकृती फळीच्या कडेपर्यंत गेली आहे आणि दुसरी एक फळी फक्त ८ मिमीची आहे. ती पाचरीने वाकेल का? दुतोंडी चिकटपट्टीने धरली तर चालेल?

ओसरी:
८ मिमी फळी पाचरीत कमानीसारखी उचलली जाते, बरोबर ओळखलंत. चिकटपट्टी दमट हवेत सुटते, आणि सुटते ती नेमकी जोराच्या कापाला. जुनी पद्धत वापरा. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घाला, प्लायवर लावा, त्यावर वर्तमानपत्राचा एकच कागद, कागदावर पुन्हा फेव्हिकॉल, वर फळी. वजन ठेवून रात्रभर सोडा. काम झाल्यावर सांध्यात पुट्टीची पातळ पट्टी सारली की कागद मधून फाटतो आणि फळी अखंड सुटते. मागचा कागद ओल्या फडक्याने निघतो.

२० मिमीच्या फळीला मात्र खालून स्क्रू चालेल. १८ मिमी प्लायमधून २५ मिमीचा स्क्रू फळीत ७ मिमी शिरतो. वरून ६ मिमी खोल कोरलं तरी मध्ये ७ मिमी लाकूड उरतं. स्क्रूचं डोकं प्लायमध्ये पूर्ण बुडवा, नाहीतर टेबलावर ओरखडे.

निवडुंग:
हातांवर उपचार करणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

चिमटीच्या टोकाशी १ किलोचा दाब दिला की अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर त्याच्या दहा-बारा पट भार येतो. त्यामुळे अंगठ्याने पात्यामागे रेटणं आणि चाकू चिमटीत धरून आपल्याकडे ओढणं, या दोन हालचाली तुम्ही वर्ज्यच माना. सुरीने त्रिकोणी खाचा काढायचं काम जागेच्या दृष्टीने सोयीचं, म्हणून सगळे सुचवतात. पण त्यात अंगठा सतत टेकू म्हणून दाबलेला असतो. तुमच्यासाठी ते नको.

मूठ जाड करा. बाजारातल्या पटाशीची मूठ बहुतेक वेळा २० ते २५ मिमीची असते. ती ३० ते ३२ मिमीपर्यंत न्या. सायकलच्या जुन्या ट्यूबची २५ मिमी रुंद पट्टी कापा, ताणून तिरकी गुंडाळा, दोन-तीन थर, शेवट दोऱ्याने बांधा. एसीच्या नळीवरचा काळा फोम वापरू नका. तो मऊ असल्याने हत्यार आत डुलतं, आणि ते स्थिर ठेवायला माणूस नकळत आणखी जोरात आवळतो.

छोटं ग्राइंडर टाळा. त्याच्या कंपनामुळे तुम्ही ते घट्ट धरून ठेवता, आणि धूळ इतकी बारीक उडते की दोन खोल्यांत ती जेवणापर्यंत पोचते.

वीस मिनिटं काम, मग दहा मिनिटं हात मोकळा. घड्याळ लावून थांबा. कळ येण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा कोमट पाण्यात हात पाच मिनिटं बुडवून मग बसा किंवा सरळ दुपारी उशिरा बसा. अंगठ्याच्या मुळाला आधार देणारा पट्टा घालूनही कोरता येतं, पण माप तज्ज्ञाकडून घ्या. काम थांबवल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहिलं तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, बोट वळवून अडकत असेल किंवा सांधा लाल आणि गरम झाला असेल तर कोरणं बंद, आधी डॉक्टर.

चौरंग:
वर ढकलून कोरण्याबद्दल बरंच आलं. माझं मत वेगळं आहे: या हातांनी ढकलूच नका, मोगरी वापरा. ढकलताना मूठ सतत आवळलेली राहते. ठोकताना पटाशी फक्त दिशा दाखवायला धरायची, सैल मुठीत, अंगठा बाकीच्या बोटांशेजारी पडलेला. मोगरी ३०० ते ४०० ग्रॅमची, लाकडी किंवा नायलॉनची. रबरी मोगरी उसळी खाते आणि तो झटका मनगटात येतो. मोगरी डोक्याजवळ धरा, कोपरातून १० सेंमीचा छोटा ठोका. वजनाला काम करू द्या.

खालच्या बिऱ्हाडाची काळजी रास्त आहे. टेबलाच्या मध्यावर ठोकलं तर फळा ढोलासारखा घुमतो. पाट टेबलाच्या पायाच्या बरोबर वर ठेवा आणि चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे. वामकुक्षीची वेळ सोडली की हलक्या टकटकीची तक्रार सहसा येत नाही.

पिंपळपान थोडे दिवस बाजूला ठेवा आणि नखाकृतीची पट्टी करा. यात एकच हत्यार लागतं: १० मिमीची, ७ क्रमांकाच्या गोलाईची पटाशी (क्रमांक मोठा तशी गोलाई खोल). शिवणीची ३० × ५ सेंमी पट्टी पाटात अडकवा. पटाशी सरळ उभी धरून एक-दोन ठोके, ३ मिमी खोल. मग त्या चंद्रकोरीपासून ८ मिमी मागे सरकून, पटाशी ३० अंशांवर झोपवून, त्या कापाच्या दिशेने ठोका. कपची आपोआप उडते आणि मागे नखाएवढी स्वच्छ पाकळी राहते. उभा काप आधीच घ्यायचा, तो तंतू तोडतो, म्हणून तिरका काप पुढे फाटत जात नाही.

कपची सुटली नाही तर उभा काप उथळ झाला आहे. पुन्हा एक ठोका. पटाशी तरफेसारखी वापरून ती उचकटू नका, धारेचा तुकडा उडतो. पाकळीचं तोंड फाटलं तर धार गेली आहे. सगळ्या पाकळ्या एका बाजूला झुकल्या तर पट्टी तिरकी पडली आहे, हातात दोष नाही. मोठ्या रांगांसाठी आधी पेन्सिलीने दोन समांतर रेघा आणि दर १२ मिमीवर खूण. दोन रांगा समोरासमोर आल्या की वेल तयार, आठ पाकळ्या वर्तुळात आल्या की फूल. देवघराच्या चौकटीला, पेटीच्या झाकणाला ही किनार सुरेख दिसते.

पटाशीवाला:
चौरंग यांचं पटलं. मोगरी घेतलीत तर धारेचा उतार २५ करा, २० अंशांची धार ठोक्याने दुमडते.

रेषांना आडवा, टोकाकडचा भाग कठीण गेला तर पाणी आणि सर्जिकल स्पिरिट समप्रमाणात स्प्रे बाटलीत भरा, एक फवारा मारून दोन मिनिटं थांबा, काप लोण्यासारखा जातो. गॅस पेटलेला असताना नको. आणि फळी कागदावर चिकटवलेली असेल तर पाण्याने सांधा सुटेल, तेव्हा तिथेही नको.

ओसरी:
दोन गोष्टी राहिल्या. डाव्या हाताला कापप्रतिरोधक मोजा घाला, पण तो पात्याचा काप अडवतो, टोकाचं भोसकणं अडवत नाही. खरा बचाव म्हणजे दोन्ही हात धारेच्या मागे. पाचरी लावल्या की डाव्या हाताला पुढे जायचं कारणच उरत नाही.

दुसरं, शेवटचा हात देताना उकळलेलं जवसाचं तेल वापरणार असाल तर त्याची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून बाल्कनीत एकेक पसरून वाळवा, मग फेका. तेलाचा एक पातळ हात, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. पावसाळ्यात दोन हातांमध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या, नाहीतर पृष्ठभाग चिकट राहतो.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. वखारीत शिवण विचारते, प्लायचा पाट सुताराकडून करून घेते. चौरंग, १० मिमी पटाशी एकच घ्यायची तर ७ क्रमांकच, की पिंपळपानालाही चालेल अशी ५ घेऊ?

चौरंग:
७ च घ्या. ५ ची गोलाई उथळ, तिने पानाची पाठ छान सपाट होते, पण नखाकृतीची टोकं बंद होत नाहीत आणि कपची अर्धवट लटकते. पानासाठी पुढे ५ क्रमांकाची १२ मिमी आणि ६० अंशांची ६ मिमी व्ही पटाशी लागेल, ती नंतर. दुकानातून आणलेली पटाशी बहुतेक वेळा धार न लावताच येते, तेव्हा पहिला ठोका मारण्याआधी ४०० च्या कागदापासून सुरुवात करा.