फेब्रुवारीत साप्पोरो, आई-बाबांना घेऊन. स्नो फेस्टिव्हल झेपेल का?

मी नोकरीनिमित्त टोकियोत असतो, आई-बाबा पुण्याहून येतायत. दोघांनी बर्फ फक्त टीव्हीवर बघितलाय, म्हणून साप्पोरोचा युकी मात्सुरी, म्हणजे बर्फाच्या पुतळ्यांचा हा स्नो फेस्टिव्हल, दाखवायचाय. बाबांचे गुडघे दुखतात आणि आई पूर्ण शाकाहारी. थंडी सोसेल का त्यांना? आणि फेस्टिव्हलशिवाय अजून काय करावं?

होक्काइदोची_सून:
बिनधास्त आणा! दुपारी शून्याच्या आसपास, रात्री उणे सहा-सात, एवढंच. खरा धोका थंडीचा नाही, घसरण्याचा आहे, रस्त्यावरचा बर्फ दाबला जाऊन काचेसारखा होतो. बुटाला लावायच्या रबरी पकडी इथेच दुकानात मिळतात, त्या आल्या आल्या घ्या आणि बाबांना सांगा छोटी पावलं टाका, घाई नको. स्टेशनपासून ओदोरी आणि पुढे सुसुकिनोपर्यंत (फेस्टिव्हलच्या या दोन्ही जागा) जमिनीखालून गरम रस्ता आहे, पाय दुखले की खाली उतरायचं.

मुख्य पुतळे ओदोरी पार्कात, दीड किलोमीटर पसरलेले, मोठे तर १५ मीटरपर्यंत उंच. १९५० मध्ये शाळकरी मुलांनी इथे सहा पुतळे केले होते, तिथून हे सगळं सुरू झालं. एकदा उजेडात जा म्हणजे कोरीव काम नीट दिसतं, परत अंधार पडल्यावर जा कारण दिवे पुतळ्यांवर पडले की सगळं वेगळंच होतं. सुसुकिनोत पारदर्शक बर्फाचे पुतळे असतात, काहींच्या आत अख्खे मासे आणि खेकडे गोठवलेले! आईंना आधी सांगून ठेवा हं.

बर्फातला_कोकणी:
हॉटेल आत्ताच बुक कर भावा, त्या आठवड्यात भाव दुप्पट होतात आणि खोल्याच उरत नाहीत. फेस्टिव्हल बघणं शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आणून पुतळे पाडतात. एक संध्याकाळ ओतारूला जा, ट्रेनने पाऊणेक तास, त्याच सुमारास तिथे कालव्यात मेणबत्त्या लावलेले काचेचे गोळे तरंगत असतात. माझ्या मते साप्पोरोपेक्षा तेच जास्त लक्षात राहतं, गर्दीत थकलेल्या माणसांना तर नक्कीच.

स्वाती_टोकियो:
आईंच्या जेवणाचं आधी ठरवा. सूप करी म्हणजे सुपासारखी पातळ करी, साप्पोरोची खासियत, भाज्यांची मिळते पण रस्सा बहुतेक ठिकाणी कोंबडीचा असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. मिसो सूपमध्येही माशाचा अर्क. ओदोरीच्या स्टॉलवर उकडलेला बटाटा लोण्यासोबत मिळतो, तो त्यांना आवडेल, सोबत घरचा ठेपला आणि लोणचं ठेवाच.

होक्काइदोची_सून:
@स्वाती बरोबर. आणि एक राहिलं, बर्फाच्या घसरगुंड्या त्सुदोमेला, म्हणजे फेस्टिव्हलच्या तिसऱ्या जागी आहेत, तिथला घुमट आतून उबदार आहे, बसायलाही जागा असते. बाबांना तिथे बसवून तुम्ही आईंना घेऊन घसरा, वयाचा विचार करू नका.