मदत हवी आहे : बायबल स्टडीच्या सॉफ्टवेअरसाठी फीचर सुचवायचेत, नोट्सचा मुद्दा आधी घालू की सर्चचा?

सर्वांना सलाम. जरा मोठं लिहितेय, पण अर्धवट सांगितलं तर नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सगळंच सांगते.

मी एका छोट्या गटाचा बायबल स्टडी घेते. तयारीला जे मोफत सॉफ्टवेअर वापरते ते एकच माणूस आपला नोकरीधंदा सांभाळून बनवतो, आणि त्यांनी आता वापरणाऱ्यांना विचारलंय की पुढच्या व्हर्जनमध्ये काय हवं ते लिहून कळवा, पण थोडकं कळवा, कारण वेळ कमी आहे. माझ्याकडे कागदावर पस्तीस-चाळीस गोष्टी झाल्यात. तेवढ्या पाठवल्या तर एकही होणार नाही हे मलाही कळतं. म्हणून तुमची मदत हवीय, आधी काय लिहू आणि कसं लिहू म्हणजे बनवणाऱ्याला ते नेमकं कळेल.

माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय नोट्स. याआधी मी दुसरं एक सॉफ्टवेअर आठ वर्षं वापरलं, ते पुढे अपडेट व्हायचं बंद झालं आणि नव्या कॉम्प्युटरवर चालेचना. आठ वर्षांच्या नोट्स त्यात अडकल्या. त्यातल्या काही कशाबशा कॉपी-पेस्ट करून इकडे आणल्या, तर स्तोत्रसंहितेतल्या नोट्स भलत्याच वचनांना चिकटलेल्या दिसायला लागल्या! आधी वाटलं माझीच चूक. ५१व्या स्तोत्राच्या १०व्या वचनावर, जिथे दावीद शुद्ध हृदयासाठी प्रार्थना करतो, तिथे मी खूप मनापासून लिहिलेलं होतं, आणि ते इथे आनंद आणि हर्ष ऐकू येऊ दे या वचनाखाली दिसत होतं.

शोधल्यावर कळलं की हिब्रू बायबलमध्ये स्तोत्राचं शीर्षकसुद्धा वचन म्हणून मोजतात. ५१व्याचं शीर्षक तिथे दोन वचनं खातं, म्हणजे आपलं १० तिथे १२ होतं, आणि त्यांचं १० म्हणजे आपलं ८. मी हिब्रू मजकूर उघडलेला असताना नोट पेस्ट केली होती, सॉफ्टवेअरने फक्त आकडा बघितला. योएलाचं तर अख्खं गणितच वेगळं, आपल्याकडे ३ अध्याय, हिब्रूत ४. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र जो उतारा सांगतो तो आपल्याकडे योएल २:२८ पासून सुरू होतो आणि हिब्रूत ३:१ पासून. मलाखीचं उलटं, आपल्याकडे ४ अध्याय, तिकडे ३. आणि जुन्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, ९वं आणि १०वं स्तोत्र एकच धरलंय त्यामुळे आपलं मेंढपाळाचं २३वं स्तोत्र तिथे २२वं.

अध्याय १३व्या शतकात स्टीफन लँगटनने पाडले असं मानतात, आणि नव्या कराराचे वचनांचे आकडे रोबेर एस्तिएनने १५५१च्या आवृत्तीत घातले. मूळ लिहिणाऱ्यांनी आकडे घातलेच नव्हते. म्हणजे आकडा हा पत्ता आहे, आणि पत्ते गावोगाव वेगळे असतात, हे सॉफ्टवेअरला माहीत असायलाच हवं ना?

दुसरा मुद्दा सर्च. मराठीत शोधताना "मासा" टाकलं तर "मासा"च सापडतो, "माशांनी", "माशांचे" सापडत नाहीत. "पाणी" टाकलं की "पाण्यात", "पाण्यावर" गायब. शब्दाचं सामान्यरूप झालं की सर्चला तो शब्द अनोळखी. जुन्या भाषांतरात "त्यानें", "तूं" असे अनुस्वार आहेत तिथेही तेच. आणि एक गोष्ट तर मला फार उशिरा कळली, "वाऱ्याला" मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतीने टाईप होतो, डोळ्यांना अगदी सारखा दिसतो पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. येशू वारा शांत करतो ते वचन मी नावानिशी शोधतेय आणि उत्तर शून्य!

बाकी संदर्भ वचनं, चार शुभवर्तमानं शेजारी शेजारी दिसणं, नकाशे, वाचनाचं वेळापत्रक असं बरंच आहे. पण यातलं पहिलं काय? आणि जुन्या नोट्स सोडवायचा काही मार्ग कोणाला माहीत असेल तर तोही सांगा प्लीज, त्याच्यासाठी मी काहीही करीन.

प्रतिसाद

ताई, मी प्रोग्रॅमिंग करतो त्यामुळे बनवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. "नोट्स सुधारा" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. ५१व्या स्तोत्राचं जे सांगितलंत तेच तसंच लिहा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. या तीन ओळी कुठल्याही लांबलचक वर्णनापेक्षा जास्त काम करतात, कारण तो माणूस तेच स्वतःच्या मशीनवर करून बघू शकतो. योएल २:२८ सुद्धा द्या, म्हणजे एकाच स्तोत्रापुरतं जुगाड करून तो थांबणार नाही.

आणि हे नव्याने शोधायची गरज नाही हेही त्यांना सांगा. क्रॉसवायरच्या स्वोर्ड प्रोजेक्टमध्ये, म्हणजे बायबलच्या एका मोफत सॉफ्टवेअर प्रकल्पात, वेगवेगळ्या वचन-क्रमांकन पद्धती आधीपासून आहेत, इंग्रजी किंग जेम्सची वेगळी, लॅटिन व्हल्गेटची वेगळी, हिब्रू लेनिनग्राड हस्तलिखिताची वेगळी, रशियन सिनोडल भाषांतराची वेगळी. तो प्रकल्प ओपन सोर्स आहे, बघून शिकता येतं. मागणी अशी करा : नोट सेव्ह करताना पुस्तक, अध्याय, वचन यांच्यासोबत ती कुठल्या क्रमांकन पद्धतीतली आहे हेही सेव्ह व्हावं. एवढ्या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं राहतं.

जुन्या नोट्सबद्दल, त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये जा आणि सगळ्यात मोठ्या फाईली कुठल्या ते बघा. अशी बरीच सॉफ्टवेअर नोट्स एसक्यूलाईट नावाच्या साध्या डेटाबेसमध्ये ठेवतात, एक्स्टेंशन काहीही दिलेलं असलं तरी. मोफत डेटाबेस ब्राउझर मिळतो, त्यात उघडून बघा. पण आधी फाईलची कॉपी काढा, कॉपीच उघडा, मूळ फाईलला अजिबात हात लावू नका.

प्रतिसाद

सर्चमध्ये एक भर घाला. शब्द किती वेळा सापडला याचा जो आकडा येतो तो नेमका कशाचा ते सॉफ्टवेअरने सांगावं. यशया ६:३ मध्ये "पवित्र" तीनदा येतं, मग सर्चने एक मोजायचं की तीन? काही ठिकाणी वचनं मोजतात काही ठिकाणी शब्द, आणि लोक तोच आकडा धरून संदेशात सांगतात की हा शब्द अमुक वेळा आलाय. दोन्ही आकडे दाखवावेत.

प्रतिसाद

मला ग्रीकबद्दल, म्हणजे नव्या कराराच्या मूळ भाषेबद्दल सांगायचंय, जरा मनाला लागलेलं आहे.

जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दावर टॅप केलं की स्ट्राँगचा नंबर (त्यांच्या शब्दसूचीतला मूळ शब्दाचा क्रमांक) आणि खाली अर्थांची यादी येते. जेम्स स्ट्राँगची ती शब्दसूची १८९०ची, इंग्रजी किंग जेम्स बायबलवर आधारलेली, आणि तिचा उपयोग फार मोठा आहे यात वादच नाही, ग्रीक न शिकलेल्या माणसाला तिने मूळ शब्दापर्यंत नेलं. पण यादी समोर आली की माणूस त्यातला आपल्याला आवडेल तो अर्थ उचलतो. मी स्वतः अनेक वर्षं हे केलंय.

योहान २१ घ्या. येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि त्यात प्रीतीसाठी ग्रीक शब्द पहिल्या दोन वेळी आगापाओ, तिसऱ्यांदा फिलेओ, आणि पेत्र तिन्ही वेळा फिलेओनेच उत्तर देतो. मी शिकवायचो की पहिलं म्हणजे दैवी प्रीती आणि दुसरं म्हणजे नुसती मैत्री. मग एकदा योहानाच्याच शुभवर्तमानात हे दोन शब्द कुठे कुठे येतात ते एकेक करून बघितलं. पिता पुत्रावर प्रीती करतो हे ३:३५ मध्ये आगापाओने सांगितलंय आणि ५:२० मध्ये फिलेओने! पित्याची पुत्रावरची प्रीती नुसती मैत्री आहे असं कोण म्हणेल? अर्थाच्या यादीत हे दिसतच नाही. २१व्या अध्यायात योहानाला काही फरक सुचवायचाय का यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत, पण मी ज्या खात्रीने सांगत होतो तेवढी खात्री तिथे नाही.

तर माझी मागणी : शब्दावर टॅप केल्यावर अर्थाच्या आधी त्याच लेखकाने तो शब्द आणखी कुठे वापरलाय ती वचनं दाखवा. आधी त्याच पुस्तकातली, मग त्या लेखकाची, मग बाकी. माहिती सगळी सॉफ्टवेअरमध्ये आहेच, फक्त क्रम बदलायचा. ताई, जागा असेल तर हे नक्की घाला.

प्रतिसाद

माझ्या आईला आता दिसत नाही, ती फोनवरचा आवाज ऐकून शास्त्र ऐकते. प्रत्येक वाक्याच्या मध्ये वचनाचा आकडा वाचला जातो, त्यात तळटीपेची खूणही वाचली जाते, आणि एका वाक्याची दोन वचनं झाली असतील तर वाक्य मध्येच तुटतं. आकडे न वाचता सलग वाचायची सोय हवी. तिला अध्याय ऐकायचा असतो, आकडे तिला पाठच आहेत. यासाठी कोणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

प्रतिसाद

प्रश्न विचारला की उत्तर देणारं एआय सगळ्यांनी मागायला हवं असं मला वाटतं. नवीन माणसाला सर्चमध्ये काय टाकायचं तेच कळत नाही. तो "चिंता वाटते तेव्हा काय वाचू" असं विचारणार.

प्रतिसाद (धागा काढणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

एआयबद्दल, नवीन माणसाची अडचण खरीच आहे आणि मला ती पटते, आमच्या गटातही असे प्रश्न येतात. पण एका माणसाच्या मोफत प्रकल्पात ते पहिल्या पाचात नको असं मला वाटतं. कधी आलंच तर त्याने आपल्या शब्दात उत्तर न देता फक्त वचनं काढून द्यावीत, म्हणजे चिंतेबद्दल विचारणारा फिलिप्पैकरांस पत्राचा ४था अध्याय उघडून स्वतः वाचेल आणि मागचं-पुढचंही वाचेल. विषयवार वचनांची साधी सूची असली तरी त्याचं बरंचसं काम होईल, ती मी यादीत घालते.

आईसाठी लिहिलंत ते माझ्या चाळीस गोष्टींत कुठेच नव्हतं, याचं वाईट वाटलं. ते दुसऱ्या नंबरवर घेतेय. करायला सोपंही असावं असं वाटतं, आकडे वेगळे साठवलेले असतातच.

योहान २१चं वाचून मी काल रात्री ३:३५ आणि ५:२० दोन्ही उघडून बसले होते. मीसुद्धा गटात तसंच शिकवलंय. पुढच्या वेळी सांगावं लागेल सगळ्यांना.

आणि आता नोट्स. दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. फोल्डरमध्ये एक मोठी फाईल होती, कॉपी काढली, डेटाबेस ब्राउझरमध्ये उघडली आणि ती उघडली!! सगळ्या नोट्स आहेत, एकूण १२०० च्या वर. मजकुराच्या मध्ये फॉरमॅटिंगचा कचरा आहे पण मराठी नीट वाचता येतंय. ५१व्या स्तोत्राची नोट शोधली तर तिच्यापुढे फक्त तीन आकडे : १९, ५१, १०. एकोणिसावं पुस्तक, अध्याय, वचन. कुठलं भाषांतर, कुठली पद्धत, काहीच नाही. तुम्ही म्हणालात ते तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. मी लिहिताना मराठी बायबल उघडं होतं हे मला आठवतं म्हणून ठीक, पण उद्या माझ्या नोट्स दुसऱ्या कोणाच्या हातात गेल्या तर त्याला कसं कळणार?

पत्रात आता असा क्रम ठरवलाय. पहिलं, नोटसोबत क्रमांकन पद्धत सेव्ह होणं आणि सगळ्या नोट्स साध्या टेक्स्ट फाईलमध्ये बाहेर काढता येणं, हे दोन्ही मिळून एकच मागणी, कारण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. मग सलग वाचन. मग सर्च, त्यात आधी र आणि अनुस्वाराचं कारण ते थोड्या कामात होईल, सामान्यरूपांचं नंतर. मग शब्दावर टॅप केल्यावर वापराची वचनं आधी. शेवटी विषयवार सूची. नकाशे आणि वेळापत्रक काढून टाकलं.

एक शंका राहिलीये. मार्क १६:९-२० सारखे उतारे, जे सिनाय आणि व्हॅटिकन या जुन्या हस्तलिखितांत नाहीत, किंवा प्रेषितांची कृत्ये ८:३७, जे काही भाषांतरांत मजकुरात असतं आणि काहींत तळटीपेत, तिथे नोट असेल आणि उघडलेल्या भाषांतरात ते वचनच नसेल तर नोट कुठे दिसावी?

प्रतिसाद

ताई, आधीच्या वचनाखाली दिसावी आणि वर स्पष्ट लिहिलेलं असावं की ही नोट ८:३७ची आहे, या भाषांतरात ते वचन तळटीपेत आहे. नोट लपवायची नाही आणि गुपचूप ८:३८ला चिकटवायची तर मुळीच नाही. हेही पहिल्या मागणीत तिसरं उदाहरण म्हणून घाला, तिन्ही उदाहरणं वेगवेगळ्या तऱ्हेची होतील.

त्या १२०० नोट्स बाहेर काढायला छोटी स्क्रिप्ट लिहून देतो. टेबलमधल्या कॉलमची नावं तेवढी इथे टाका, नोट्सचा मजकूर नको, तो तुमचा खाजगी आहे.